साकरबाईंचा ‘र’

महबूब : आबा, चीर बुजली. पण डब्यावरचा ‘र’ गेला.

हौसराव : मी अजून आलोच न्हाई.

महबूब : समोर बसलाय की.

हौसराव : बाहेर सायकल लावतोय. हां, आलो. राम राम, महबूब. हा जेवणाचा डबा बग. परवा घाटावर हातातून सुटला, कडीखाली चीर पडली.

महबूब : ...राम राम. बसा.

हौसराव : साध्या वेल्डिंगनं जमंल?

महबूब : न्हाई. स्टेनलेसचा पातळ पत्रा हाय, साध्या रॉडनं भोक पडंल. याला टिग वेल्डिंगच पायजे.

हौसराव : त्यात काय येगळं?

महबूब : मघाशी सांगितलं की.

हौसराव : मघाशी मी नव्हतो.

महबूब : एका हातात वेल्डिंगची टॉर्च. तिच्या टोकाला टंगस्टनची सुई, ती वितळत न्हाई. दुसऱ्या हातात बारीक तार, ती थेंबाथेंबानं भरायची. वरनं आरगॉन गॅस, म्हंजी हवा लागत न्हाई. काम हळू चालतं, पण सांधा स्वच्छ येतो.

हौसराव : सुई सोडून सगळं वितळतं म्हण की.

महबूब : चिरंच्या दोन्ही कडा वितळाव्याच लागत्यात. त्याबिगर एकजीव व्हत न्हाईत.

हौसराव : आन् कडंला कुणी काय लिवलं आसंल तर?

महबूब : चीर ‘र’मधूनच गेली व्हती, आबा.

हौसराव : खिळ्यानं लिवलं व्हतं तिनं. दौंडच्या रेल्वे यार्डात माझा डबा बदलू नये म्हणून.

महबूब : मग तुमचं नाव घालायचं.

हौसराव : नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, म्हणली. स्वतःचं घातलं. रिटायर होईस्तोवर सगळी गँग मला साकरबाई म्हणायची.

महबूब : ‘ख’च्या जागी ‘क’ हाय.

हौसराव : प्रौढ शिक्षणाचा वर्ग ‘ख’च्या आधीच बंद पडला. जन्मात तिनं एवढंच लिवलं.

महबूब : मशीनच्या पेननं कोरून देतो. ‘र’ काय, सोपा हाय.

हौसराव : तुझा ‘र’ तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. अर्ज लिव.

महबूब : कुणाला?

हौसराव : सौ. साकरबाई यांस...

महबूब : आबा, आता कै. लावत्यात. परवा दहावं झालं आजीचं.

हौसराव : सौ. लिव. सदर डब्यावरील एक अक्षर गहाळ झाले असून, आपण आपल्या सवडीने, खिळ्यासह समक्ष हजर राहून ते घालून द्यावे, ही नम्र विनंती.