काळ्या पडद्यामागे

बायको — हात वर करा म्हटलं की हात वर करायचा. खांदा नाही. किती वेळा सांगायचं?

नवरा — हात खांद्यालाच जोडलेला आहे.

बायको — विनोद पुरे. शर्ट अडकलाय. थांबा, मीच काढते.

नवरा — आई गं! हळू.

बायको — हळूच काढतेय. मलम कुठे ठेवलंत?

नवरा — कॅमेऱ्याच्या बॅगेत.

बायको — जुन्या की नव्या?

नवरा — जुन्या. नवीत मलमाला जागा कुठाय? उभा जन्म पाठीवर गोणी वाहिली, आणि आता ही एवढीशी पिशवी. सकाळी खांद्याला लावली तर मला वाटलं, काहीतरी घरीच विसरलो.

बायको — हलका कॅमेरा घ्या, हलका घ्या म्हणून मी कधीची कानीकपाळी ओरडत होते. डॉक्टरांच्याही आधी.

नवरा — म्हणून तर घेतला. आणि पहिल्याच दिवशी तू भर रस्त्यात करकचून ब्रेक मारलास.

बायको — आलं. मघापासून वाटच बघत होते, कधी येतंय.

नवरा — अगं, मागे ती फोटो काढायची लाल गाडी होती. अजून दुकानातही आलेली नाही. तिचा ड्रायव्हर हुशार, म्हणून बाजूने काढली. नाहीतर तिचं नाक आपल्या डिकीत गेलं असतं. आणि उघड्या डिकीत कॅमेरा धरून कोण होतं? मी.

बायको — माहीत आहे मला डिकीत कोण होतं.

नवरा — त्या गाडीच्या कंपनीच्या बाईंचं तोंड बघितलंस?

बायको — बघितलं. तुमचंही बघितलं. चारचौघांत ओरडलात, "डोकं फिरलंय का तुझं?" एवढ्या वर्षांत कधी असं बोलला नव्हतात.

नवरा — चुकलंच माझं.

बायको — राहू दे. पालथे व्हा. इथे दुखतं?

नवरा — त्याच्या खाली. हां. तिथेच.

बायको — दगड झालाय नुसता.

नवरा — उद्या सकाळी परत बोलावलंय बाईंनी. ऊन कडक व्हायच्या आत फोटो काढून द्यायचे. उद्या जमलं नाही तर दुसरा फोटोवाला बघतील, तसं स्पष्टच म्हणाल्या. आणि एकदा दुसरा बघितला की माझ्यासारख्याला परत कोण विचारतंय? सगळ्यांना वाटतंच आहे की आता याचं काही खरं नाही.

बायको — मग ड्रायव्हरही दुसरा बघा.

नवरा — म्हणजे?

बायको — म्हणजे मी नाही येणार.

नवरा — एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याशिवाय वेग इतका एकसारखा कोण धरणार? काटा जराही हलत नाही तुझा.

बायको — ओरडलात म्हणून नाही म्हणत. माझ्याच्याने आता होत नाही.

नवरा — अगं, पण झालं काय होतं? कुत्रं आडवं आलं?

बायको — नाही.

नवरा — खड्डा?

बायको — नाही. आवाज बंद झाला.

नवरा — इंजिनाचा?

बायको — तुमचा.

नवरा — मी कुठे बोलत असतो? फोटो काढताना मी श्वासही घेत नाही.

बायको — तेच तर. तुम्ही बोलत नाही, पण तो बोलायचा. तुमचा जुना कॅमेरा. पत्र्याच्या डब्यात खडे वाजवावेत तसा खटॅक खटॅक खटॅक. डिकी उघडी, वारा घोंघावतोय, तरी मला पुढे ऐकू यायचा. तो वाजतोय तोवर तुम्ही गाडीत आहात.

नवरा — गाडीत नाहीतर कुठे असणार?

बायको — तो घाटातला रस्ता आठवतो? तुम्हाला डिकीत बांधलेला पट्टा सुटला होता.

नवरा — तेव्हाचं काय आता!

बायको — तेव्हा खटखटाट एकदम बंद झाला, म्हणून मी थांबले. मागे येऊन बघते तर तुम्ही अर्धे बाहेर लोंबकळताय. एका हातात डिकीची कड आणि दुसऱ्या हातात कॅमेरा. तोही सोडला नव्हतात!

नवरा — लेन्स नवी होती.

बायको — आणि बायको काय जुनी होती?

नवरा — मला इतकी वर्षं वाटत होतं, तू आरशातून बघून थांबलीस.

बायको — आरशात काय दिसतं मला? काळा पडदा. मीच शिवून दिलेला. आपल्या गाडीचं आतलं पांढरं छत त्यांच्या चकचकीत बॉनेटवर उमटतं म्हणून तुम्हालाच हवा होता ना? पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे तुम्ही, आणि तुमची पाठ माझ्याकडे. त्या घाटापासून मी रस्त्यावर डोळे ठेवते आणि कान मागे.

नवरा — दर वेळी?

बायको — दर वेळी. तुम्ही घरी येऊन फोटो बघत बसता आणि मी आडवी पडते. तुम्ही म्हणता, नुसतं स्टिअरिंग धरून एवढी काय दमतेस!

नवरा — म्हणतो खरा.

बायको — आज तुम्ही म्हणालात, "चल." मी वेग धरला. आणि मग काही नाही. म्हटलं, अजून जमवाजमव चालली असेल. आणखी थोडं गेले. काही नाही. पुलापर्यंत कळ काढली हो मी. मग वाटलं, घाटातलंच झालं परत, आणि पाय आपोआपच पडला ब्रेकवर.

नवरा — अगं, पण तेव्हा तर मी सटासट काढत होतो! काय सुंदर येत होते! हा नवा आवाजच करत नाही. आत काही हलत नाही, म्हणून हादरा नाही. त्यासाठीच तर घेतला.

बायको — मला काय माहीत? घरी खिडकीतून हा शेजाऱ्यांच्या गाडीवर धरून बसला होतात, तेव्हा मला वाटलं नुसतं बघताय.

नवरा — सांगायचं सुचलंच नाही. तू ऐकतेस हेच मला माहीत नव्हतं.

बायको — कधी विचारलंत?

नवरा — नाही.

बायको — वळा आता. दुसरी बाजू.

नवरा — त्याच्यात आवाज लावायची सोय आहे. थांब, दे इकडे. हा ऐक.

बायको — हा? आपली इस्त्री तापली की याच्यापेक्षा मोठ्याने वाजते. वाऱ्यात हा माझ्यापर्यंत कसा पोचणार?

नवरा — मग उद्यापुरता जुना घेतो.

बायको — स्वतःचा शर्ट काढता येत नाही, आणि म्हणे जुना घेतो. तो धरून लोंबकळलात तर हा खांदा कायमचा गेलाच म्हणून समजा. आणि जुना विकलाय ना? उद्या संध्याकाळी ते स्टुडिओवाले न्यायला येणार आहेत.

नवरा — त्यांना नाही म्हणतो.

बायको — अजिबात नाही म्हणायचं नाही. घेऊन जाऊ देत. मलम तेवढं काढून घ्या.

नवरा — मग करायचं काय? जुना घ्यायचा नाही, नव्यात आवाज नाही, तू येणार नाहीस. हात टेकले मी.

बायको — मीपण थकले हो. गाडी चालवून नाही थकले. ऐकून ऐकून थकले.

नवरा — ...

बायको — असे गप्प बसता ना, तेव्हा घरातही पडदा लावल्यासारखं वाटतं मला.

नवरा — मी बोलत राहिलो तर?

बायको — कुठे?

नवरा — मागे. डिकीत. दर वेळी बटण दाबलं की काहीतरी म्हणेन. मोठ्याने.

बायको — तुम्ही? जेवताना मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवता.

नवरा — उद्या म्हणेन.

बायको — काय म्हणाल?

नवरा — सुचेल ते.

बायको — आयत्या वेळी तुम्हाला आजवर काही सुचलंय?

नवरा — तू ये तर खरी.

बायको — सकाळी बघू. शर्ट घाला आता. तो हात आधी.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडीची डिकी उघडी, मधे काळा पडदा.)

बायको — पट्टा?

नवरा — लावलाय.

बायको — ओढून बघितलात?

नवरा — बघितला.

बायको — परत बघा.

नवरा — बघितला गं बाई. चल.

बायको — निघाले. ती लाल गाडी येतेय का मागे?

नवरा — येतेय. अजून जरा. हां, धर असाच वेग.

बायको — धरला.

नवरा — ...

बायको — अहो!

नवरा — आहे.

बायको — काय आहे?

नवरा — मी. मी आहे. आहे. आहे. जराशी डावीकडे घे. आहे.

बायको — एवढी?

नवरा — एवढीच. आहे. आहे. तिच्या काचेवर ऊन आलंय बघ.

बायको — मला कुठून दिसणार?

नवरा — हां, खरंच. मग सांगतो. काच आधी काळी होती, आता पिवळी झाली. आहे. बॉनेटवरून झाडं सरकताहेत, एकेक करून. आहे. आहे. ड्रायव्हर जांभई देतोय. आहे.

बायको — त्याला म्हणावं, तोंड मिट. पूल आला.

नवरा — ...

बायको — अहो? अहो!

नवरा — आहे, आहे! शिंक आली.

बायको — जीव घ्याल माझा एक दिवस.

नवरा — ब्रेक नाही मारलास.

बायको — मारणारच होते.

नवरा — आहे. आहे. थोडं राहिलंय. आहे. बास! झालं. मनासारखं झालं. हळूहळू थांबव.

बायको — थांबवते. कंपनीच्या बाई हात करताहेत. हसताहेत वाटतं.

नवरा — हसणारच. रस्ताभर ओरडत आलोय मी.

बायको — खांदा?

नवरा — आहे जागेवर.

बायको — बंद केली गाडी. आता गप्प बसलात तरी चालेल.

नवरा — बरं.

बायको — ...

नवरा — ...

बायको — अहो?

नवरा — आहे.