गाडी उभ्या उभ्या काय खाते?

...आणि वर तो इलेक्ट्रिशियन मलाच विचारतो, "काका, दिवे चालू ठेवून झोपला होतात का?" अहो, एकतीस वर्षं कचेरीत काढली, घरी निघताना पंखे बंद करणारा अख्ख्या मजल्यावर मी एकटा! मी दिवे चालू ठेवीन? पण तुम्हाला सांगतो, पंधरवड्यात चौथ्यांदा तेच. सकाळचे साडेआठ, बायको शेजारी पट्टा लावून, मांडीवर पिशवी घेऊन तयार, मी किल्ली फिरवतो... टिक. बस्स! पुढे काही नाही. टिक!

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एक दिवसाआड नऊच्या ठोक्याला व्यायामाला न्यायचं, नाही नेलं तर तिथल्या बाई गोड आवाजात सांगतात, "आजी, गुडघा असाच ठेवलात तर असाच राहील हं!" आणि परगावी आमची मुलगी. तिने फोनवर बजावलंय, "बाबा, गाडी पुन्हा एकदा जरी बंद पडली तर विकायची. मी सांगून ठेवते." सांगून ठेवते, म्हणे! म्हणजे तीनदा बंद पडली हे तिला कळता कामा नये, बरोबर? म्हणून मी तीनदा शेजाऱ्यांच्या गाडीला तारा जोडल्या, तीनदा त्यांचा चेहरा बघितला, आणि परवा पुन्हा किल्ली फिरवतो... टिक.

आता गाडी मुळात साधी. चार चाकं, एक हॉर्न, तोही नाइलाज असेल तरच. पण आमचे जावईबापू पडले हौशी. दर भेटीत काहीतरी लावून जातात. पुढे टीव्हीसारखा पडदा, मागे कॅमेरा, पुढे आणखी एक कॅमेरा, कुलूप लावलं की किंचाळणारं यंत्र, आणि पायापाशी निळा दिवा. निळा! सासऱ्याच्या चपलांवर निळा उजेड पाडून कोणाचं काय भलं व्हायचंय? विचारलं तर, "बाबा, टेन्शन नाही, गाडी बंद केली की सगळं स्टँडबायवर!" स्टँडबाय म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे एक हेडक्लार्क होते स्टँडबायवर. कामाला नाहीत, चहाला हजर.

शेवटी इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, त्या वायरींच्या गुंत्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका... हे कोणी केलं?" मग बॅटरीला मीटर लावला. "झोपलेल्या गाडीने चाळीस-पन्नास मिलिअँप खावेत. ही तीनशे दहा खाते. आता वीस मिनिटं थांबायचं, गाडी पूर्ण झोपू द्यायची. दार उघडायचं नाही!"

आम्ही दोघं श्वास रोखून उभे. एकोणिसाव्या मिनिटाला आमची ही काठी टेकत आली आणि, "अहो, माझा चष्मा गाडीत राहिला वाटतं," म्हणत दार उघडलं! दिवा लागला, पडद्याने सुस्वागतम म्हटलं, पायापाशी निळं निळं झालं... पुन्हा वीस मिनिटं! आणि चष्मा? डोक्यावर!

मग एकेक फ्यूज काढायला सुरुवात. मी रीतसर वही घातली. अनुक्रमांक, वेळ, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, शेरा. पडद्याचा फ्यूज काढला, तीनशे दहा. कॅमेऱ्याचा काढला, तीनशे दहा. बावीस फ्यूज काढले, गाडीचा पार सांगाडा झाला, आणि आकडा तीनशे दहा! इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, हे फ्यूजमधून जातच नाही. कोणीतरी थेट बॅटरीवरून घेतलंय."

बावीस नोंदी केल्यावर सांगतोय! हा प्रकार मी जन्मभर बघितला होता हो. आवक रजिस्टरात जिची नोंदच नाही अशी फाइल, परस्पर साहेबांच्या टेबलावर!

बारीक काळी वायर निघाली. ती गालिच्याखालून गेली होती थेट माझ्या सीटखाली. तिथे काडेपेटीएवढी डबी, लाल डोळा मिचकावत बसलेली. "ट्रॅकर आहे. गाडी कुठे आहे ते फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. हा बिघडलाय, झोपतच नाही."

फोनवर दिसतं? कोणाच्या? मी बायकोकडे बघितलं. बायको गुडघ्याकडे बघत होती.

"रागावू नका... गेल्या वर्षी तुम्ही टायरमध्ये हवा भरायला गेलात आणि चार तासांनी आलात. फोन घरी. आम्ही दोघींनी दवाखान्यांत फोन केले हो एकेक. मग जावयांनी हे बसवलं. मुलगी अजून सकाळी आधी ठिपका बघते, मग तोंड धुते."

मी रस्ता चुकलो होतो. घरी सांगितलं होतं, मित्र भेटला.

"काढून टाकू?" इलेक्ट्रिशियनने पक्कड उचलली. आता काढावा, तर ठिपका जाणार आणि मुलगी तोंड न धुता पहिल्या गाडीने इथे येणार. दुरुस्तीला द्यावा, तर जावयाला सांगायचं, म्हणजे गाडी बंद पडली हे सांगायचं, म्हणजे गाडी विकायची! शेवटी त्यानेच तोड काढली. डबीच्या पोटात तिची स्वतःची छोटी बॅटरी असते. घरी चार्ज करायची, निघताना बरोबर घ्यायची. गाडीला भार नाही, मुलीला घोर नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवतो... आणि काय सांगू! टिक नाही, काही नाही, एका झटक्यात सुरू! वहीत शेरा लिहिला, प्रकरण निकाली.

पण बायको. संध्याकाळी पायी फिरायला निघालो, तर दारात अडवून तिने डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात सरकवली. म्हटलं, "अगं, गाडी घरी आहे!" तर म्हणते, "असू दे. हरवली गाडी नव्हती, तुम्ही हरवला होतात."

गेलो बागेत. तळ्याभोवती तिसरी फेरी चालू होती, तोच मुलीचा फोन. "बाबा! गाडी बागेत कशी घातलीत? तळ्याभोवती गोल गोल फिरतेय... आणि इतकी हळू का चाललीय?"

म्हटलं, "वय झालं गं तिचं."