खरवस खाल्लेली गल्ली

दिपमाला : आबा, बसा हो खाली. नंबर आला की सिस्टर हाक मारणार आहेत.

आबा : मी कसाले बसू? मी तुले गाडीवर सोडाले उनू. सोडं. आते जास घर.

दिपमाला : घरी कुठे निघालात? म्हैस आपली, खरवस आपल्या घरचा. डॉक्टरांनी काही विचारलं तर मी एकटी काय सांगू?

आबा : सांग, सासरा बरा शे, सुनबाईनी वाटीभर खरवस खादा अन् आते तिले भुंकानी इच्छा व्हई राहिनी.

दिपमाला : हसा तुम्ही! काल गुरांचे डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार, तशीच लक्षणं होती तिची. तिच्याजवळ जे जे होते त्यांनी उद्याच्या उद्या दवाखान्यात जा, म्हणाले. आणि तुम्ही त्यांना आपले चहा घेता का, चहा घेता का.

आबा : मंग? मानूस येढ्या उन्हातान्हात दूरथीन उना, त्याले चहा इचारना नही का?

दिपमाला : आबा, माझा घसा सकाळपासून कोरडा पडलाय.

आबा : रातभर मोबाईल देखी देखी कोरडा पडना तो.

दिपमाला : आणि गिळताना मधेच काहीतरी अडकल्यासारखं होतंय.

आबा : भाकर अडकनी व्हई. तू चावत नहीस, तशीच गिळस. अन् बठ्ठी गल्ली आठे उनी ती तुन्हा फोनमुळे, म्हाईत शे ना? त्या कोपरामा आपली शेजारीन वना बठेल शे, देख. खरवस देताना ‘आखो दे, आखो दे’ करे. आते माले देखीसन तोंड फिरवस.

दिपमाला : फिरवणारच. आपण हौसेनं वाटला आणि तिसऱ्या दिवशी म्हैस मेली. मला तर वनावहिनींच्या नजरेला नजर देववत नाही.

आबा : आपीन काय जानीसन वाटा का? म्हैस व्यायनी, खरवस कया, वाटा. आपला बापजादा वाटत उनात.

सिस्टर : खरवसवाले कोण? अहो, सगळे एकदम उठू नका. घरचं कोण आहे?

दिपमाला : आम्ही, सिस्टर. मी सून. हे माझे सासरे, रुपचंद आबा.

सिस्टर : खरवस कसा केला होता?

दिपमाला : गूळ आणि वेलदोडा घालून...

सिस्टर : पाककृती नको. शिजवला होता ना?

दिपमाला : कुकरला वाफवला होता. चांगला वडी पडेल असा.

सिस्टर : मग संपलं. वाफवलेल्यातून काही होत नाही. ज्यांनी फक्त खरवस खाल्ला त्यांनी घरी जा. तुम्हीसुद्धा.

दिपमाला : पण सिस्टर, माझा घसा...

सिस्टर : पाणी पिता येतंय?

दिपमाला : येतंय. रात्रभर तेच करून बघतेय.

सिस्टर : मग घसा चांगला आहे. झोप काढा.

आबा : चाल दिपा. आयकं ना? चाल.

सिस्टर : थांबा बाबा, माझं झालं नाही. कच्चं दूध कोणी प्यालं?

दिपमाला : नाही. सासूबाई धार काढायच्या आणि लगेच चुलीवर ठेवायच्या.

सिस्टर : म्हैस कोणाला चावली? तिची लाळ कोणाच्या जखमेला लागली? औषध पाजताना तोंडात कोणी हात घातला?

आबा : नाही सिस्टर. आमच्याकडे असे कोणीही केलेले नाही.

सिस्टर : नक्की? लोक करतात असं. पिसाळलेल्या जनावराला गिळता येत नाही, तोंडातून लाळेची तार लागते. मग घरच्यांना वाटतं घशात काही अडकलंय, आणि घालतात हात आत.

आबा : होय, परंतु आमच्याकडे तसा काही प्रकार झालेला नाही.

दिपमाला : आबा.

आबा : काय?

दिपमाला : तुम्ही इतकं शुद्ध का बोलताय?

आबा : दवाखानामा कसं बोलनं?

दिपमाला : तलाठ्याकडे बांधाचा वाद गेला होता तेव्हा असंच बोलत होतात. परंतु, प्रकार. तुमच्या तोंडात ‘परंतु’ आला की मला समजतं.

आबा : काय समजस तुले?

दिपमाला : उजवा हात खिशातून काढा.

आबा : खिसा मन्हा, हात बी मन्हा. तुले काय करनं?

दिपमाला : काल वरण-बट्टी चमच्यानं खाल्लीत तुम्ही. लग्न होऊन आल्यापासून तुमच्या हातात चमचा पाहिला नव्हता मी. सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, म्हातारा साहेब झाला. आणि आज गाडीची किल्ली डाव्या हातानं लावलीत. मी पाहिलं, पण माझ्या घशाच्या नादात डोक्यातच आलं नाही.

आबा : इळा लागना. कांदा कापताना.

सिस्टर : दाखवा बाबा.

(आबा हात बाहेर काढतात. अंगठ्याच्या बुडाशी फडकं बांधलेलं आहे, त्यातून हळद दिसते.)

सिस्टर : हा विळा नाही. दात आहे हा. इथे आणि इथे. कधी घातलात हात?

आबा : मरी गयी त्याना आदल्या दिनले.

दिपमाला : आबा!

आबा : मी काय करू? ती पानीजोडे जाय अन् मांघे सरके. तोंड वासे. माले वाटनं, बटाटा अडकना. मांगना साले गायना घशात अडकना व्हता, तैं मीच हात टाकीसन काढा व्हता ना? तशाच टाका. कोपरापावत टाका. काहीच लागनं नही हातले. अन् तिन्ही तोंड मिटं.

सिस्टर : साबणानं धुतलात?

आबा : पानी टाकं. मंग हळद.

सिस्टर : त्या नळाखाली जा. हळद सगळी काढा, साबण लावा आणि मी येईपर्यंत धुवत राहा. डॉक्टरांना सांगून सुईची तयारी करते. आज आलात ते बरं झालं बाबा. ह्याला उशीर परवडत नाही.

दिपमाला : चला. फडकं मी सोडते.

आबा : दिपा, आयक ना. आपीन उद्या येवूत.

दिपमाला : उद्या नाही. हात पुढे करा.

आबा : प्रेमराज सुरतथीन येवू दे. पोऱ्या जोडे ऱ्हायना म्हंजे...

दिपमाला : तुमचा मुलगा ट्रक खाली करून परवा येईल. तोवर थांबायचं नाही. जोरात चोळा. दुखतंय का?

आबा : नही. सुन्न व्हई जायेल शे. ते बी इचारनं व्हतं. सुन्न व्हवाले लागनं म्हंजे तेच का?

दिपमाला : फडकं आवळून बांधलंत म्हणून सुन्न झालाय. आबा, तुम्ही बोलला का नाहीत? मी एका वाटीसाठी गल्ली गोळा केली, आणि तुम्ही हात चावून घेऊन माझी टिंगल करताय!

आबा : टिंगल करनू म्हंजे कोन मन्हाकडे देखस नही.

दिपमाला : आणि आता सुईलाही उद्या म्हणताय. का?

आबा : मन्हा मोठा भाऊ व्हता, हिलाल. तुनी देखा नही. त्याले धाकलपने कुत्रं चावनं. तैं सुया पोटमा देत. ही येढी सुई. रोज नेत त्याले, अन् पाय धराले मी. मन्हा बाप हात धरे अन् मी पाय. तो मन्हाकडे देखी देखी रडे. मन्हं नाव घिसन रडे, दिपा. बापनं नही, मन्हं.

दिपमाला : आणि मग?

आबा : मंग काय. जगना चांगला. नातू पंतू देखीसन गया. पन माले आजबी सुई दिखनी का त्याना पाय हातमा लागतस.

दिपमाला : म्हणजे त्या सुयांनी जगले ते.

आबा : हां. डोकाले समजस ते. पोटले समजत नही.

दिपमाला : आता पोटात देत नाहीत. दंडात देतात. तुमच्या नातीला, पुनमला देतात तशी.

आबा : येढंच नही. सुई लिधी म्हंजे ते मन्ह्या आंगमा शे, आसं ठरनं ना? जोवर कोनले सांगं नही, तोवर नही शे. सांगं म्हंजे शे.

दिपमाला : आबा, शिरलं असेल तर ते तेव्हाच शिरलं. न सांगून बाहेर येणार आहे का? एकदा लक्षणं सुरू झाली की ह्याला औषध नाही. त्याच्या आधी सुई घेतली तर माणूस वाचतो. हे मी मोबाईलवर वाचलंय, हसू नका.

आबा : हासत नही मी.

दिपमाला : रात्री मोरीत तांब्याचा आवाज येत होता तो तुमचा?

आबा : मन्हाच.

दिपमाला : मला वाटलं तुमची शुगर वाढली.

आबा : घोट लिऊ. उतरस का, देखू. उतरना म्हंजे जाईसन पडू. डोळा लागाना टाईमले आखो वाटे, आते उतरना नही तं? मंग उठू. पन तो सयपाकघरमा आवाज व्हता, तो कोनना?

दिपमाला : माझा.

आबा : तू बी?

दिपमाला : मी पण घोट घेऊनच बघत होते.

आबा : ओ माय! एकच घरमा दोन झने रातभर पानी पितस, अन् एकमेकले सांगतस नही.

दिपमाला : तुम्हाला काय सांगणार? पुनमच्या गोवरच्या लसीनंतर मी तिचा ताप सारखा मोजत होते, तेव्हा तुम्ही चार पाहुण्यांत म्हणालात, सुनबाई पोरगीले ताप येवानी वाट देखस.

आबा : बोलनू व्हतू. लागनं तुले?

दिपमाला : लागलं. आत जाऊन रडले मी.

आबा : तैं माले समजनं नही बेटा. आते समजस.

दिपमाला : मला वाटायचं भीती गेली की मग नेऊ तिला. ती जातच नाही आबा. पुनमची प्रत्येक लस मी घाबरत घाबरतच दिली. दारापर्यंत पाय मागे ओढायचे. तिला घट्ट धरायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधले सण वाचायची. तुम्हीसुद्धा घाबरतच चला. कोणी म्हटलंय की घाबरायचं नाही?

सिस्टर : झाला धुऊन? या आत. शर्टाची बाही वर घ्या. बसा इथे.

आबा : सिस्टर, धरनारं कोनी नही का?

सिस्टर : कशाला धरायचं? तुम्ही पळणार आहात का?

आबा : सांगता येत नही.

सिस्टर : खरं बोललात. हा दंड आता, मग तो. आणि जखमेत वेगळं औषध भरायचंय. दंडाचं कळणार नाही. जखमेतलं दुखेल, ओरडायचं तर ओरडा.

दिपमाला : इकडे बघा आबा, माझ्याकडे. आतापर्यंत आपल्या गोठ्यात किती म्हशी झाल्या, पहिलीपासून सांगा.

आबा : पहिली... पहिली बाप लयेल व्हता. साक्रीना बजारथीन. तिन्हं शिंग मोडेल व्हतं. मंग तिन्हीच पारडी वाढनी. मंग एक लिधी, ती दूधले चांगली, पन लाथ मारे...

सिस्टर : हा दंड झाला.

आबा : व्हयनं?

सिस्टर : दुसरापण झाला. तुम्ही लाथेवर होता तेव्हा.

आबा : दिपा, व्हयनं वं! काहीच...

सिस्टर : आता जखम. हात सैल सोडा.

आबा : ओ माय वं! ओ माय! मरनू! सिस्टर, बस कर वं माय!

दिपमाला : धरलाय मी, आबा. धरलाय.

सिस्टर : संपलं. झालं बाबा, बघा.

आबा : बाहेर आयकू गयं व्हई.

दिपमाला : गेलं असेल. जाऊ द्या.

आबा : वना सांगी बठ्ठ्या गावले.

सिस्टर : सांगू दे, त्या निमित्तानं इतर येतील. आता थोडा वेळ बाहेर बाकावर बसायचं. पुढच्या सुयांच्या तारखा कागदावर देते, त्यातली एकही चुकवायची नाही. आज बरं वाटलं म्हणून घरी बसायचं नाही. कळलं?

दिपमाला : मी आणीन त्यांना.

आबा : मीच येसू. तू मांघे बठ.

सिस्टर : आणि एक विचारायचं राहिलं. एवढ्या मोठ्या म्हशीचं तोंड उघडून आत हात घालणं एकट्याचं काम नाही. जबडा कोणी धरला होता?

दिपमाला : आबा? प्रेमराज तर ट्रकवर होता. सासूबाईंनी?

आबा : नही, ती घरमा व्हती.

दिपमाला : मग कोणी?

आबा : लोटननी. शेजारना. मीच हाका मारी. दोन्ही हातथीन जबडा धरा त्यानी. लाळ कोपरापावत.

सिस्टर : त्याच्या हाताला काही जखम?

आबा : कांदा काढी काढी त्याना हात फाटेल शेतस. भेगा शेतस.

सिस्टर : मग तो का नाही आला?

आबा : मी सांगं त्याले, कोनले बोलू नको. तो सुईले मन्हापेक्षा भ्यास. लगेच हां म्हने. खूश व्हयना.

दिपमाला : अहो, त्याच्या घरात लेकरं आहेत!

आबा : म्हाईत शे माले. लाव फोन.

दिपमाला : मी बोलू का? तुमचा हात...

आबा : डावा शे ना. दे आठे. मीच गप बसाडं त्याले, मीच बोलस... हां, लोटन? रुपचंद आबा बोलस. दवाखानामा शे... नही रे, खरवसनं काहीच नही. तुन्हा हातनं शे. तू जबडा धरेल व्हता ना... बोलू नको म्हनेल व्हतू, चुकनू मी. ते इसर... हां, लिधी मी. आतेच लिधी... दंडमा काही नही रे, कोनबी लेई. पन जखममा दिधी ती भलती दुखस. मी बोंबलनू, आयक वनाना तोंडथीन... भ्यानू ना. भ्यात भ्यातच लिधी... तशाच ये. काम ठेव अन् निंघ. तू येस तोवर मी घर जात नही, आठेच बठेल शे.