देवळाचं बुटकं दार

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या पोस्टमनच्या शेजारी एक सुतार आपल्या आत्याआजीशी कुजबुजत होता.

“आत्याआजी, घात झाला. देवळाची नवी चौकट वीतभर बुटकी झाली. माप घेताना उंबरा धरायलाच विसरलो. उद्या बसवायचीय!”

“हात्तिच्या! तुझा पणजोबाही उंबराच विसरला होता.”

“काहीतरीच! देवापुढं माणसानं वाकावं म्हणून ते दार मुद्दाम ठेंगणं केलंय. पाचशे वर्षांची प्रथा आहे.”

“देऊळ पाचशे वर्षांचं, दार माझ्या बापाचं. वर फट उरली, तिथं त्यानं फळी ठोकली, फळीवर कमळ कोरलं, आणि मग गावाला म्हणाला, देवापुढं वाकून जायचं.”

“आणि गावानं ऐकलं?”

“अजून वाकतायत की!”

“अगं, पण वाकून झालंय त्यांचं. आता काय रांगत जायचं?”

“जातील. तू दुसरं कमळ कोर, आणि उद्या सगळ्यांच्या आधी तू रांगत जा. तोंड तेवढं गंभीर ठेव.”

“पुढचा पेशंट!” आतून हाक आली.

पोस्टमन उठला. डॉक्टरांच्या खोलीचं दार चांगलं सात फुटी होतं. तो वाकून आत गेला.