पट्ट्याचं दुसरं टोक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय भागवतराव, आपल्या प्रशिक्षण केंद्राच्या व्यवस्थापक आदरणीय धम्मशीलाताई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे माणिकराव मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या लक्ष्मीबाई वहिनी, आणि समोर बसलेल्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो.

वर्गमित्र म्हणालो याचं काहींना हसू आलं. येऊ द्या. मी एकसष्ट वर्षांचा आहे. पण हजेरीपुस्तकात धोंडप्पा हे नाव तुमच्याच नावांखाली आहे, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

भाषणाची मला सवय नाही. एकतीस वर्षं येलदरीच्या वीजघरात नोकरी केली. तिथं यंत्रांचा आवाज इतका, की माणसं खुणेनंच बोलतात. ताईंनी पाच मिनिटं दिली आहेत. लिहून आणलं आहे, तेवढं वाचतो.

मास्तरांच्या बावीस वर्षांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते सविस्तर बोलले. मी फक्त कडेबद्दल बोलणार आहे. कड म्हणजे चामड्याच्या पट्ट्याची कापलेली बाजू. दुकानात आपण पट्टा घेतो तेव्हा रंग बघतो, बक्कल बघतो. कड कोण बघतं? मास्तर बघतात. डोळ्यांनी नाही, गालानं. पट्टा उचलायचा आणि कड गालावरून फिरवायची. टोचली तर परत कर, नाही टोचली तर पुढं जा. त्यांची परीक्षा एवढीच.

माझी मुलगी शिवानी मागच्या वर्षी याच वर्गात होती. तुमच्यातले काही जण तिला ओळखतात. तिनं इथं नाव घातलं तेव्हा मी घरात एक नियम केला. कातडं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आमच्या घरात रोज लिंगपूजा होते, म्हणून. हातानं केलेलं काम हीच पूजा, असं आमच्याच समाजाच्या मेळाव्यांत सांगतात आणि मी तिथं टाळ्या वाजवलेल्या आहेत. तरी नियम केला. ती वाद घालणारी नव्हती. बाहेर पत्र्याच्या छपरात पोतं टाकून बसायची.

मास्तर, तुम्ही या वर्षी निवृत्त होणार हे तिला माहीत होतं. एक दिवस जेवताना म्हणाली, "अप्पा, साऱ्या जिंतूरला पिशव्या करायला शिकवतेत, अन् सोताची हत्यारं खताच्या पिशवीत घेऊन फिरतेत! मी त्यांना खांद्याला अडकवायची करायलेय. सांगू नका कुणाला."

मी कुणाला सांगणार? मी त्या पिशवीकडं बघतही नव्हतो.

पिशवी झाली. राहिला तिचा लांब पट्टा. लांब पट्ट्याची कड घोटायची, म्हणजे घासून गुळगुळीत करायची, तर तो ताणलेला लागतो. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं घोटायचं. एका सकाळी तिनं दारातून हाक मारली.

"अप्पा, एवढं टोक धरा की. पाचच मिनटं."

मी म्हणालो, "आंघोळ झालीय माझी. बांध तिकडं खांबाला."

तिनं खांबाला बांधलं. मी आत पूजेला बसलो. तासभर तो घासण्याचा आवाज ऐकू येत होता. माझं लक्ष पूजेत नव्हतं, पण मी उठलोही नाही.

जे टोक खांबाला गाठ मारून बांधलं होतं, तेवढी वीतभर कड घोटायची राहिली. ती दुसऱ्या दिवशी करणार होती. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. नांदेडला नेलं. पाचव्या दिवशी आम्ही तिला घेऊन परत आलो. त्याविषयी मला इथं जास्त बोलता येणार नाही.

तिच्या मातीला आलेले पाहुणे गेल्यावर मी छपरात गेलो. पट्टा तसाच खांबाला होता. मी गाठ सोडली. म्हटलं, वीतभर तर आहे, आपण पुरी करू. आता माझ्या हातांना सवय एकच. कुठलीही वस्तू घासायची म्हटलं की आधी तेल. एकतीस वर्षं तेच केलं. घरातल्या शिलाई मशीनचं तेल घेतलं, कडेला लावलं आणि जोर लावून घासलं. कड काळी पडली, मऊ झाली, तिला लव सुटली. जितकं घासावं तितकी बिघडत गेली. सिद्धम्मा, म्हणजे आमच्या मंडळी, दारात उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "आता धरलंय व्हय टोक?"

दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो. आमची ओळख नव्हती. लक्ष्मीबाई वहिनींनी पाणी आणलं. मास्तरांनी विचारलं, "अप्पा, चहा चालंल का आमच्यातला?" हा प्रश्न त्यांना का विचारावा लागला, ते मला कळलं. मी चहा घेतला.

त्यांनी पट्टा गालावरून फिरवला. डोळे मिटून म्हणाले, "पोरीनं ऊब बराबर धरलीया." मग त्यांचा अंगठा काळ्या भागावर आला.

"तेल कुणी लावलं?"

"मी."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तेल प्यालेली कड पाणी घेत न्हाई, अप्पा. मग ती घोटत न्हाई. वीतभर कापून टाकावं लागंल. पट्टा आखूड हुईल, पण नवी कड निघंल."

मी म्हणालो, "मला शिकवा. मी कापतो."

"मग वर्गात या. आधी तुकड्यांवर हात बसू द्या."

असा मी तुमच्यात आलो. माझी पहिली कड बघून ही निकिता म्हणाली होती, "अप्पा, पट्टा हाय का कुत्र्यानं चावलेली चप्पल?" सगळे हसले. मास्तर म्हणाले, "हसू नका. लय मोठी यंत्रं फिरवलीत त्यांनी. कड काय, फिरंल हळूहळू."

हळूहळूच फिरली. रापीनं सरळ कापायचं. दोन्ही कोपरे तासायचे. काचपेपरनं घासायचं. बोट ओलं करून पाणी फिरवायचं, ओतायचं नाही. मग चिंचोक्याची खळ, आणि मग लाकडानं घोटत राहायचं. मी सुरुवातीला जोर लावायचो. मास्तर माझा हात धरून म्हणायचे, "जोरानं न्हाई, उबेनं. कोमट लागली की ती आपोआप मिटती." शेवटी मेण आणि सुती कापड. पाच महिन्यांनी माझी एक कड त्यांच्या गालाला टोचली नाही. त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून राहिलो. दोन गाड्या सोडल्या.

मग शिवानीचा पट्टा कापायला घेतला. फळीवर उलटा ठेवला, रापी लावली. उलट्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. चष्मा पुसून बघितलं. एका टोकाला लिहिलं होतं, 'मी'. दुसऱ्या टोकाला, जे कापायचं होतं त्याच टोकाला, लिहिलं होतं, 'अप्पा'.

कुणी कुठलं टोक धरायचं, ते तिनं मला हाक मारण्याआधीच ठरवून ठेवलं होतं.

मास्तरांनी वाचलं. म्हणाले, "रापी ठेवा खाली." त्यानंतर कापण्याचा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

मास्तर, ती पिशवी आज आणली आहे. पट्टा जोडायचे टाके निकितानं घातले. पट्टा पूर्ण लांबीचा आहे. वीतभर कड काळी आहे आणि ती टोचेल. तुमच्या परीक्षेत ती नापास आहे, हे मला माहीत आहे. तेवढा दोष माझा आहे, तिचा नाही. गालावरून फिरवाल तेव्हा तिच्या टोकापासून फिरवा.

ताईंनी मला बोलायची संधी दिली, वर्गानं या वयात सांभाळून घेतलं, वहिनींनी त्या दिवशी दुसरा कपही न विचारता भरला, या सगळ्यांचे आभार. पाचाची दहा मिनिटं झाली असतील. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द कमीजास्त झाला असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. बाकीची माफी मागायची जागा हे सभागृह नाही.

उद्यापासून नवीन मास्तर येतील. मी रोज अकरा वाजता वर्गात असेन. कुणाला पट्ट्याचं टोक धरायला माणूस लागला तर हाक मारा. माझी आंघोळ झालेली असते. तरी धरीन.