पहिल्याच दारात विझलेला तारा

१९६२चा शिमगा. महाडच्या दवाखान्यात गोगटे मास्तर पडशानं बेजार होऊन, नाकाला रुमाल लावून बसले होते. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी एका खेड्यात ताऱ्यांवर व्याख्यान दिलं होतं आणि अख्खं गाव मन लावून झोपलं होतं. त्याच गावचा, सणाला मुंबईहून आलेला धिप्पाड कोंडाजी पलीकडच्या बाकावर कंबर धरून कण्हत होता. सोबत बायको, तुळजाबाई.

"पालखी पयल्याच दारात येवढी नाचवायची व्हती?"

"मुंबैकर ना मी! गावाला दिसाया नको?"

"दिसलं. दुसऱ्या दारात आडवे झालात."

"मास्तर बोलले नाय का गो? तारा जेवढा वजनदार, तेवढा त्याचा उजेड मोठा. जळन त्याच्याकडं जास्ती, पन त्यो भसाभस जाळतो नि लवकर विझतो. मीच त्यो."

"ऐकलंत कदी? तुमी तर घोरत व्हतात."

"घोरता घोरता ऐकलं."

मास्तरांनी रुमाल जरा वर ओढला.

"नि तुमचा काडीपैलवान भाऊ? मुरारीभावजी अजून नाचतायत."

"त्यो बारका तारा. मिणमिणतो, पन लय टिकतो."

"आज पालखी आपल्या दारात येनार. तिथं तरी..."

"मुरारीच नाचवंल. मी आरतीचं ताट धरतो. तेवढा उजेड झेपंल मला."

"ताट मी धरीन. तुमी भिंत धरा."