सगळ्यांना दिसलेला मल्लू

माझं नाव सुगलाबाई. माहेर अक्कलकोटच्या पल्याडचं, पार शिवेवरचं गाव, घरात कन्नड, शाळंत मराठी, आन् शाळा तरी काय, चौथीपातुर गेले, पुढं आईनं म्हशी दिल्या हातात. लगीन होऊन हिकडं मंद्रूपच्या अंगाला आले तवा मराठी बोलायची लई लाज वाटायची, सासू सगळ्यांला सांगायची, ही मुकी हाय का काय की. आता या म्हणावं ऐकाया. मालक ट्रकवर व्हते, तापानं गेले, मल्लू तवा रांगत व्हता, तवापसनं हे फाट्यावरचं हॉटेल मी चालवती. हॉटेल म्हणायचं आपलं. पत्र्याचं शेड, दोन बाकडी, चहा, भजी, आन् मनात आलं तर शेंगाची पोळी. काय सांगू तुमाला, ह्या फाट्यावर सगळ्या दुनियेचं बोलणं मी ऐकलंय. दारू पिऊन माणूस कवातरी खरं बोलतंय, पर चहा पिऊन जे बोलतंय ना, त्यात दमडीचं खरं नसतंय.

तुमी मल्लूचंच इचाराया आलाव, ठावं हाय मला. सांगती की. एकुलतं एक पोरगं, मला अव्वा म्हणायचं. कान ह्ये असे बाहीर आलेले, दाढी फुटली तरी पालीला भ्यायचं. मंडपवाल्याकडं कामाला व्हतं, त्ये आन् त्याचा जोडीदार दत्ता, दोघं मिळून लग्नाचे मंडप उभारायचे, दिवसभर उन्हात आन् संध्याकाळी हितं बाकड्यावर मोबाइल बगत. पर मी असं म्हणणार न्हाई की माझं पोरगं लई गुणाचं, त्यानं काय केलंच न्हाई. केलं त्यानं. गावातल्याच गौराबाईच्या सचिनला त्यानं जिवं मारलं, आन् दत्तानं मारलं, दोघांनी मारलं. टीव्हीवाल्यांनी मला लई फिरवून फिरवून इचारलं, मी सरळच सांगितलं, व्हय बाबा, मारलं.

आन् कशापायी, तर एका फ्लेक्सपायी. हितंच फाट्यावर लागला व्हता, कुणा दादाचा वाढदिवस, आन् खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या पोरांचे फोटो. ह्या दोघांचे न्हवते. म्हणं वर्गणीत आमी, मंडप बांधायला आमी, आन् फोटोत न्हाई. फाडला फ्लेक्स. फ्लेक्स सचिननं लावलेला, त्यानं सगळ्यांच्या देखत मल्लूच्या मुस्काटात मारली, ती मी हितनं बगितली, भजी तळत व्हते, मला वाटलं पोरं हायत, मिटवतील. पुढं कॅनॉलवर दोघांनी त्याला गाठलं, मंडपाचा पाइप व्हता हातात. झालं. गौराबाईचा बी एकुलताच की. आमी दोघी उन्हाळ्यात एका पत्र्यावर खारवड्या घालायच्या, तिचा सचिन आन् माझा मल्लू राखणीला बसायचे आन् निम्म्या ओल्याच खायचे.

पोरं पळाली ती नदीकडं. आता नदीचं तुमी बगितलाव का न्हाई, सगळी वेडी बाभूळ माजलीया, आत माणूस शिरला तर चार पावलांवर दिसत न्हाई, आन् बाभूळ सोडली की ऊस, नुसता ऊस, पार भीमेपातुर. पोलीस आले, कुत्रं आलं, त्ये वर घरघर करतंय ते ड्रोन आलं. आन् त्यांच्या मागनं हे लोक आले. सोलापुरातनं गाड्या करून, गॉगल लावून, जत्रंला आल्यागत. माझं हॉटेल कवा एवढं चाललं न्हवतं बगा, मेलं नशीब माझं.

आन् हितं बसून सगळ्यांला मल्लू दिसायचा. एक म्हणायचा भीमा वलांडून कर्नाटकात गेला, माझ्या साडूनं बगितला. दुसरा म्हणायचा साडूचं सोड, त्यो हैदराबादला हाय, कुण्या पुढाऱ्यानं पोचवलाय. कुणी म्हणायचं कच्चे मासे खाऊन ऱ्हायलेत, कुणी म्हणायचं पिस्तूल हाय त्यांच्याकडं. एक तर म्हणलं आईची साडी नेसून बाईच्या वेशात फिरायलाय. मी मनात म्हणलं, या बाबा, माझ्या साड्या बगून जा, एक तरी धड हाय का. बाहीरच्या लोकांला कुटं ठावं मी कोण ते. एक गॉगलवाला, पांढरा शर्ट, मोठा जाणत्यावानी आवाज, बाकड्यावर पाय वर घेऊन सांगतोय, खरी बेरकी ती त्याची आई हाय, तिला समदं म्हाईत हाय, तिला दोन पट्टे दिले की पोपटावानी बोलंल. गावातली माणसं व्हती बाकड्यावर, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी त्याला इचारलं, भाऊ, साखर जास्त टाकू का बेताची. तो म्हणला जास्त टाक मावशी. टाकली. काय करणार.

मला म्हाईत असतं तर मी हाताला धरून चौकीत नेलं असतं की हो. तेवढंच मागणं व्हतं माझं. फाशी होऊ दे, जन्मठेप होऊ दे, जेलाच्या जाळीतनं का हुईना मला तोंड दिसंल, वर्सातनं एकदा शेंगाची पोळी द्यायला जाईन. जिता घावू दे. जिता घावू दे एवढं एकच. पोलिसांच्या साहेबांला बी मी पाया पडून तेच म्हणलं. साहेब माणूस बरा व्हता, म्हणला मावशी आमी काय कसाई हाव का. पर लोकांचं तसं न्हवतं. लोकांनी मोबाइलवर काय काय लिवलं व्हतं, शेजारच्या पोरीनं मला वाचून दाखवलं, मीच म्हणलं वाच. घावला की ठोका. कोरटात नेऊच नका. जित्ता जाळा. ज्यांनी मल्लूला कवा बगितलं न्हाई, त्या लोकांनी लिवलेलं. पोरगी मधीच थांबली, म्हणली आत्या, बास.

आन् मंग त्यो फोटो आला. अक्कलकोटला स्वामींच्या दारात जेवणाची पंगत बसती ना, त्या पंगतीचा कुणी काढलेला, आन् त्यात खाली मान घालून जेवणारं एक पोरगं, आन् त्याचा कान. काय सांगू तुमाला, तो कान बगितला आन् मी पोरीच्या हातातनं मोबाइलच वडून घेतला. सगळ्या गावानं बगितला, सगळे म्हणले मल्लूच. पोलीस तिकडं गेले, गॉगलवाले तिकडं गेले, ड्रोन बी गेलं, नदीला एक कुत्रं ऱ्हायलं न्हाई. मी शटर वडलं, येष्टीनं सोलापूर, तितनं अक्कलकोट. आन् खोटं कशाला बोलू, मी त्या येष्टीत खूश व्हते. म्हणलं जेवलं पोरगं. माझ्याच माहेरच्या वाटंला गेलं. स्वामींच्या दारात हाय म्हणल्यावर कोण हात लावंल त्याला.

तितंच मी ऱ्हायले. पंगत उठायची, दुसरी बसायची, मी दारात हुबी ऱ्हाऊन एकेकाचं तोंड बगायची. कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, म्हातारे, बाया, पोरं. एक वाढपी मला म्हणला, अव्वा, तू जेव की आधी, बगतीस काय. त्यानं अव्वा म्हणल्यावर मला रडू फुटलं. आन् ते फोटोतलं पोरगं सापडलं बरं का. खरंच तसाच कान. गुलबर्ग्याकडचं, कुण्या ड्रायव्हरचं पोरगं, पोलिसांनी धरलं व्हतं त्याला. मी साहेबांला म्हणलं, सोडा त्याला, माझं न्हाई ते.

आता हिकडं काय झालं ते ऐका. ऊसतोडीची टोळी आलेली बसून व्हती कवाची, खुनी आत हायत म्हणून कुणी फडात शिरंना. फोटो आला, पोरं अक्कलकोटला दिसली म्हणल्यावर सगळे मोकळे झाले. नदीकडच्या फडाचा मालक म्हणला, चला, तोडा. टोळी म्हणली पेटवून द्या, पाचट जळलं की तोडायला सोपं, साप न्हाई, किरडू न्हाई. आमच्याकडं पेटवत्यातच तसा. त्यात काय इशेष न्हाई, आन् त्या मालकाचा बी दोष मी धरत न्हाई. उलट रीत त्यानं पाळली. पेटवायच्या आधी फडाला हाळी द्यायची असती, कुणी बाई गवताला गेली असंल, कुणाची शेरडं शिरली असतील, डुकरं असत्यात. मंग समदी माणसं चारी बाजूंनी बांधावर हुबी ऱ्हात्यात, डबे बडवत्यात, शिट्ट्या मारत्यात, वरडत्यात, निघा रे, बाहीर निघा. जीव वाचावा म्हणून वरडत्यात हो. नीट हाळी दिली त्यांनी, हुतं तेवढं बोंबलले, वाट बगितली, मंग चारी अंगानं काडी लावली.

पोरं आतच व्हती. कुटं गेलीच न्हवती. मल्लूच्या तळपायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजला व्हता, त्याला चालता येत न्हवतं, म्हणून दोघं फडाच्या पोटात पडून व्हते, उसावर जगत. दत्ताच्या मोबाइलला जोवर चार्जिंग व्हतं तोवर ते लोकांनी लिवलेलं समदं वाचत व्हते. माझ्यासारखंच. ठोका, जाळा, ते समदं. आन् मंग चारी बाजूंनी डबे, शिट्ट्या, निघा रे बाहीर. गावातलीच पोरं ती, दुसऱ्या कुटल्याबी दिवशी वळखली असती की ऊस पेटवायची हाळी. पर त्यांला वाटलं लोक आले. आले आपल्याला माराया. मंग बाहीर यायचं सोडून आत सरकले, आणखी आत, मल्लूला वडत वडत दत्ता मधल्या सरीत घेऊन गेला. धूर आला तवा कळलं. दत्ता पाण्याच्या पाटाकडं पळाला, अंगावर आग घेऊन पाटात पडला. मल्लूचा हात सुटला म्हणतो. सिव्हिलमधी पट्ट्या गुंडाळलेल्या व्हत्या त्याला तवा त्यानंच मला सांगितलं, काकू, सुटला हात. मी म्हणलं सुटला आसंल बाबा.

मी त्याच दिवशी दुपारी परत आलते. फाट्यावर उतरले तर हवंत उसाची काजळी, काळी काळी, लांब लांब, समद्या बाकड्यांवर, वट्यावर, चहाच्या भांड्यात. मी पदर खवसला, खराटा घेतला, आन् शिव्या देत झाडत बसले. मेल्यांनो, पेटवायला आजच सापडलं का, म्हणलं, माझं पोरगं कुटं हाय आन् तुमाला ऊस सुचायलाय. सगळं झाडून, भरून टाकलं उकिरड्यावर. तवर पाटाकडनं दत्ताला आणलं व्हतं, आन् माणसं माझ्याकडं यायची ती लांबच हुबी ऱ्हायली.

आमच्यात माणूस जाळत न्हाईत. आमच्यात बसवून पुरत्यात, इभूत लावून, हातात लिंग देऊन. माझ्या पोराचं बसवण्याजोगं काय ऱ्हायलं न्हवतं. मठातले स्वामी आले, त्यांनी जे करायचं ते केलं. माझं रगत घेऊन तपासणीला पाठवलं व्हतं, जुळलं म्हणून कागद आला. सगळं जुळलं.

पर लोक ऐकत्यात व्हय? अजून म्हणत्यात. ती हाडं दुसऱ्याच कुण्या फिरस्त्याची. दत्तानं गोष्ट रचली. मल्लू हैदराबादला मंडपवाल्याकडंच हाय, दाढी वाढवलीया, कुणी मुंबईत बगितला. आधी मी भांडायची, कागद दाखवायची, गिऱ्हाईकाच्या अंगावर चहा फेकलाय मी. आता दमले. आता तर गॉगलवाले बी येत न्हाईत, त्यांला दुसरीकडं दुसरं कायतरी घावलं आसंल, मोबाइलवर बी कुणी त्याचं नाव काढत न्हाई.

एक गौराबाई तेवढी. तिला पटलंच न्हाई. ती म्हणती माझं पोरगं मातीत गेलं आन् तुझं असं सुटंल व्हय, तू लपीवलंस. दर सोमवारी देवळातनं येती, हितं रस्त्यात हुबी ऱ्हाती आन् पदर कमरंला खवसून चालू करती. कुटं ठिवलंस त्याला सांग. कोण खायला घालतंय त्याला. पाय बरा झाला का त्याचा. आता पोरगी बगशील, लगीन लावशील, नातवं खेळवशील, आन् मी बगू व्हय. लोक मला म्हणत्यात, मावशी, तुमी गप का ऐकून घेताव, हाकला की तिला. मी पैल्यांदा म्हणायची, गौरा, मेला गं तो, जळून मेला, माझ्या गळ्याची आण. आता म्हणत न्हाई. आता मी गॅस बारीक करती आन् ऐकती. साऱ्या दुनियेत ती एकलीच हाय, जी माझ्या पोराला जिता धरून बोलती. ती शिव्या देती तेवढा येळ तो कुटंतरी जेवायला बसलेला असतोय, पाय बरा झालेला असतोय, त्याला पोरगी बगायचं चाललेलं असतंय. तिचं आवरलं, ती वळली, की मेला परत.

गेले दोन सोमवार ती आली न्हाई. दमा हाय तिला, लई वाढलाय म्हणत्यात, उठून बसवत न्हाई. मी तिच्या घरी कशी जाऊ, कुण्या तोंडानं जाऊ. हितनंच हात जोडती. बसवण्णा, तिच्या छातीतला कफ काढ, तिला लई आयुष्य दे, माझं ऱ्हायलेलं बी तिलाच दे, आन् हितपातुर चालत येण्याएवढं बळ तिच्या पायात ठेव.